तीन नंबरचं मशीन

प्रकल्प नोंदी, ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२५
अक्षरजुळणी, नारायण पेठ, पुणे

४ ऑगस्ट, सोमवार

काल भाचा जेवायला आला होता. तो हिंजवडीला नोकरी करतो आणि आमच्याकडच्या कॉम्प्युटरचं सगळं दुखणंखुपणं तोच बघतो. पानावर बसताबसता म्हणाला, "मावशी, चौदा ऑक्टोबरला विंडोज दहाचा सपोर्ट संपतोय. या वेळी तरी टाळू नकोस." या वेळी तरी, कारण १४ जानेवारी २०२० ला विंडोज सातचा संपला तेव्हाही त्याने हेच सांगितलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं.

म्हणून आजपासून ही वही. काय केलं, कुठे अडलं, कशाला नकार दिला आणि का, ते तारखेसकट लिहायचं.

आमच्याकडे तीन मशीनं. एक नंबरवर मेल, पीडीएफ, बिलं आणि घरचंही सगळं. दोन नंबरवर कव्हरं आणि जाहिराती. दोन्हींवर विंडोज दहा, दोन्ही २०१७ साली घेतलेली. तीन नंबरवर विंडोज सात, ३२ बिट, पुस्तकाची पानं लावायचं पेजमेकर ७ आणि मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर. त्या सॉफ्टवेअरचं लॉक (जिच्याशिवाय ते चालत नाही ती काळी डबी) मागे पंचवीस पिनांच्या प्रिंटर पोर्टला लावलंय, ते पंधरा वर्षांत हललेलं नाही. पुस्तकं सगळी तीन नंबरवर होतात. २००३ पासूनचं प्रत्येक काम त्याच्यात आहे.

घरात सगळ्यांना वाटतं, मला नव्याची धास्ती आहे. तसं नाही. आजूबाजूचे लोक बटर पेपरच्या गुंडाळ्या घेऊन प्रेसमध्ये जात होते तेव्हा, २००८ मध्ये, मी पीडीएफ पाठवायला लागले होते. पण पुस्तक अर्ध्यात असताना हातातलं हत्यार बदलायचं नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि आमच्याकडे कुठलं ना कुठलं पुस्तक बारा महिने अर्ध्यात असतं.

६ ऑगस्ट, बुधवार

एक नंबरवर पीसी हेल्थ चेक चालवलं, मशीनवर विंडोज अकरा बसेल का ते बघायला. दोन लाल फुल्या, टीपीएम (सुरक्षेची चिप) आणि प्रोसेसर. भाच्याने फोनवर सांगितलं तसं बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उठणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगांत) जाऊन पीटीटी, म्हणजे इंटेलचं टीपीएम, चालू केलं, टीपीएमपुढे हिरवी खूण आली. प्रोसेसरची फुली मात्र कायम. आमचा आय-फाइव्ह सातव्या पिढीचा, आणि विंडोज अकराला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा लागतो. दोन नंबरचं तेच.

आडमार्गाने अकरा बसवता येतं म्हणे, व्हिडिओ पुष्कळ आहेत. कामाच्या मशीनवर तसं करणार नाही. ऐन अंकाच्या वेळी एखादा अपडेट बसायला नकार देईल, तेव्हा दाद कुणाकडे मागायची?

आठ वर्षं एकदाही न कुरकुरलेली मशीनं. पानं लावतात, कव्हरं उघडतात, पीडीएफ काढतात. त्यांना म्हातारी ठरवणं माझ्या मनाला पटत नाही, आणि ते मी इथे लिहून ठेवते.

११ ऑगस्ट, सोमवार

खरा प्रश्न विंडोजचा नाहीच, हे आज भाच्याला दाखवलं.

तीन नंबरवर एका जुन्या पुस्तकाचं प्रकरण पेजमेकरमधून टेक्स्ट फाइल करून बाहेर काढलं आणि एक नंबरवर नोटपॅडमध्ये उघडलं. पडदाभर इंग्रजी अक्षरं, टोप्या घातलेले स्वर, डॉलरची खूण, मध्येच चौकोनी कंस. मराठी अक्षर औषधाला नाही. तो म्हणाला, "फाइल करप्ट झालीय." म्हटलं, फाइल ठणठणीत आहे, आमची सगळी पुस्तकं अशीच आहेत.

धंद्याबाहेरच्या माणसाला हे उलगडून सांगावं लागतं. १९९० च्या दशकात डीटीपीवाले, म्हणजे कॉम्प्युटरवर पुस्तकाची पानं लावणारे, वापरायचे त्या विंडोजला देवनागरी ठाऊक नव्हती. मग फॉन्ट करणाऱ्यांनी युक्ती काढली. इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवले. एका घरात क, एकात अर्धा क, एकात काना, एकात रफार. मशीनच्या लेखी तिथे इंग्रजीच अक्षर असतं, फॉन्ट चढवला की डोळ्यांना मराठी दिसतं. प्रत्येक कंपनीने घरं आपापल्या सोयीने वाटली, त्यामुळे एकीचा मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्ये गिचमीड होतो. इस्की नावाचं भारतीय मानक १९९१ मध्ये आलं, आपल्या पुण्यातल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांवर मोठं काम केलं, पण डीटीपीवाल्यांच्या फाइलींत साठत गेले ते हे तुकडेच. विंडोज २००० पासून युनिकोडमधली (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणाऱ्या मानकातली) देवनागरी मशीनलाच कळायला लागली. आम्ही तरी मागेच राहिलो, कारण पेजमेकरला युनिकोड येत नाही. त्याची सातवी आवृत्ती २००१ ची, आणि २००४ पासून ते पुढे वाढवणंच थांबलं.

फॉन्टच्या फाइली दुसऱ्या मशीनवर टाकल्या तर जुना मजकूर दिसतो, पण लॉकशिवाय टाइप होत नाही. टाइप नाही म्हणजे करेक्शन नाही. लॉकचा ड्रायव्हर ३२ बिटचा, आणि विंडोज अकराची ३२ बिट आवृत्तीच नाही. नव्या मदरबोर्डांना तो पंचवीस पिनांचा पोर्टही बहुधा नसतो. लॉक ज्यांचं, त्यांना फोन केला. जुन्या आवृत्तीला मदत बंद, नवी घ्या, इतकंच उत्तर. नवी घेईनही. जुन्या फाइलींचं काय करायचं, ते सांगायला कोणी तयार नाही.

'कामे' फोल्डरमध्ये आज मोजली तर ४१२ कामं निघाली. पुस्तकं, दिवाळी अंक, शाळांच्या स्मरणिका, गौरवग्रंथ, कुलवृत्तांत. यातले कितीतरी लेखक आता नाहीत. त्यांची हस्तलिखितं घरच्यांनी कधीच रद्दीत घातली असतील. मजकूर उरला तो छापील प्रतींत आणि तीन नंबरमध्ये.

भाचा बराच वेळ नोटपॅडकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे मशीन नंतर. आधी मजकूर बाहेर काढू."

पाच वर्षं मी ज्याला नाही म्हणत होते, त्यात हे कोणी बोललंच नव्हतं. याला माझा होकार आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

अण्णांना (माझे सासरे, वय ८४) विचारलं, खिळे (छपाईची शिशाची अक्षरं) गेले तेव्हा तुम्हाला काय वाटलं? शनिवार पेठेतल्या छापखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं कंपोझिंग केलं. खिळ्यांच्या खणांची पेटी पुढ्यात, डाव्या हातात स्टिक (खिळे जुळवायची पट्टी), उजव्या हाताने खिळा उचलायचा, नजर न वळवता. त्यांच्या अंगठ्याला अजून तो घट्टा आहे.

मला वाटलं होतं, ते हळहळतील. ते म्हणाले, "मालकांनी खिळे किलोवर विकले त्या दिवशी वाईट वाटलं. पण मजकुराचं काही नाही वाटलं. मजकूर आमच्याकडे राहायचाच कुठे? फर्मा छापून झाला की संध्याकाळी खिळे सोडायचे, क क च्या घरात, म म च्या घरात. दुसरी आवृत्ती निघाली की पुन्हा पहिल्यापासून जुळवायचं."

दिवसभर हे डोक्यात आहे. अण्णांच्या हातून मजकूर पुस्तकात जायचा आणि तिथेच राहायचा. पुस्तक शंभर वर्षांनीही कोणीही उघडून वाचेल. मजकूर जवळ ठेवणारे आम्ही डीटीपीवाले पहिले, आणि आम्ही तो अशा रूपात ठेवला की एका पोर्टला लावलेल्या काळ्या डबीवाचून त्यात एक वेलांटी बदलता येत नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा गणपती. दोन दिवाळी अंकांचा मजकूर यायला लागलाय. ठरलं: अंक प्रेसला जाईपर्यंत तीन नंबरवर काहीही नवं बसवायचं नाही, काढायचं नाही. रूपांतराचं काम फक्त नकललेल्या फाइलींवर, एक नंबरवर, रात्री.

९ सप्टेंबर, मंगळवार

विसर्जनाला मेन स्विच बंद करून दोन दिवस गावी गेलो होतो. आज तीन नंबर चालू केलं तर काळ्या पडद्यावर तारीख १ जानेवारी २००९, आणि एफ-वन दाबा. दाबलं. विंडोजचा लोगो आला, निळा पडदा चमकला, पुन्हा पहिल्यापासून. तीन वेळा तेच.

अंकाची चौसष्ट पानं त्याच्यात. हात गार पडले.

भाचा फोनवर शांत होता. मदरबोर्डवरचा सेल संपला, बायोसची सगळी सेटिंगं मूळपदावर गेली, हार्ड डिस्क जोडायची पद्धत एएचसीआयवरून आयडीईवर आली, म्हणून विंडोज उठत नाही. त्याने सांगितलं तसं बदललं, विंडोज उठलं. पेजमेकर उघडला. मराठी टाइप करायला गेले तर पाटी आली: लॉक सापडत नाही.

लॉक काढून पुन्हा लावण्याची हिंमत होईना. सेल बदलण्यासाठी बाजूचं झाकण काढलं तेव्हा आतल्या पत्र्यावर निळ्या स्केचपेनने लिहिलेले दोन शब्द दिसले: 'पोर्ट ईसीपी'. २०१० साली मशीन बसवायला आलेल्या मुलाचं अक्षर. तो कोण, कुठे आहे, काही माहीत नाही. बायोसमध्ये पोर्टचा प्रकार ईसीपी केला, मशीन चालू केलं, आणि कर्सरपुढे क उमटला.

सीआर २०३२ चा सेल तापकीर गल्लीतून आणला. एक बसवला, एक ड्रॉवरमध्ये.

संध्याकाळी भाचा स्वतः आला. डॉक लावून १६० जीबीची जुनी हार्ड डिस्क एसएसडीवर जशीच्या तशी उतरवली. मशीन आता एसएसडीवर चालतं. जुनी डिस्क कापडात गुंडाळून कपाटात, देवाच्या पोथ्यांच्या वरच्या कप्प्यात. बायोसच्या सगळ्या पडद्यांचे फोटो काढून त्यांचे प्रिंट झाकणाच्या आत चिकटवले.

"काही बदलू नका" म्हणत बसले तरी मशीन आपसूक बदलतं, आतून झिजतं. हे मी पुरेसं धरलं नव्हतं.

१३ सप्टेंबर, शनिवार

तीन नंबर एक नंबरच्या पोटात आभासी मशीन म्हणून चालवून पाहिलं. विंडोज सात उठलं, पेजमेकर उघडला, फाइल दिसली. टायपिंगच्या सॉफ्टवेअरला लॉक लागेना, कारण एक नंबरला तो पोर्टच नाही. वाचण्यापुरती सोय झाली. नोंद संपली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

रूपांतराचा तक्ता पूर्ण. आमच्या मुख्य फॉन्टमध्ये दोनशेच्या आसपास घरं आहेत. प्रत्येक घराचा क्रमांक, तिथे कुठला तुकडा दिसतो, आणि युनिकोडमध्ये त्याला काय म्हणायचं. नऊ रात्री लागल्या. हे काम दुसऱ्या कोणाला देता आलं नसतं. एकसारखे दिसणारे तीन काने होते, कुठला कशाला लावायचा हे माझ्या बोटांनाच माहीत.

भाच्याने पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला. पहिला निकाल वाचवेना.

कारण असं. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठतात. ऱ्हस्व वेलांटी आधी दिसते, म्हणून ती आधी टाइप करायची, मग अक्षर. युनिकोड उच्चाराचा क्रम धरतं, आधी अक्षर, मग वेलांटी. म्हणजे प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी उचलून पुढच्या अक्षरापलीकडे न्यायची. प्रोग्रॅमने ती एकच तुकडा पुढे नेली, त्यामुळे 'स्थिती' चं 'सि्थती' झालं. तिला अर्धा स आणि थ दोन्ही ओलांडायला हवेत. जोडाक्षर तीन अक्षरी असेल तर तिन्ही.

रफार याच्या उलट. तो दिसतो शेवटी, उच्चारतो आधी. 'कर्म' जुन्या फाइलीत क, म, रफार असं आहे. तो मागे आणून म च्या आधी बसवायचा. 'मार्गांनी' या शब्दावर तर आम्ही रात्री साडेबारापर्यंत होतो. जुन्या फॉन्टमध्ये रफार आणि अनुस्वार मिळून एकच तुकडा आहे, गा च्या डोक्यावर. त्याचे दोन करायचे, रफार काना ओलांडून ग च्या आधी न्यायचा, अनुस्वार कान्यानंतर ठेवायचा.

जमलं तेव्हा पडद्यावर 'मार्गांनी' असा अखंड शब्द आला. मी तो माउसने निवडला, दुसऱ्या फाइलीत चिकटवला. तिथेही मराठीच राहिला. बावीस वर्षं या धंद्यात आहे, माझ्याच मजकुराच्या बाबतीत हे पहिल्यांदा पाहिलं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

रूपांतर केलेलं पहिलं पुस्तक मुद्रितशोधक काकांना दिलं. सह्याद्रीतल्या घाटवाटांवरचं आहे, २००६ चं, त्याचं मूळ प्रूफही त्यांनीच वाचलं होतं. काका एकाहत्तर वर्षांचे, कागदावरच वाचतात, लाल बॉलपेनने.

आज गठ्ठा घेऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, सह्याद्रीत समुद्र कुठून आला?"

पान ११ वर 'खोल दर्या' छापलं होतं. दर्या म्हणजे समुद्र. हव्या होत्या दऱ्या. मग 'शेतकर्यांची', 'वार्याने', 'पायर्या', 'किनार्यावर'. मुक्कामावर चूल पेटवली ती आचाऱ्याने, आमच्या पानावर ती 'आचार्याने' पेटवली होती. काकांनी प्रत्येकाखाली लाल रेघ ओढून शेवटी आकडा लिहिला होता: २१४.

हा र मराठीचा खास आहे. रफार अक्षराच्या डोक्यावर बसतो, हा ऱ् अक्षराला डावीकडून आडवा टेकतो. हिंदीत तो लागत नाही, म्हणून भाच्याने नेटवरून आधाराला घेतलेल्या तक्त्यात त्याला जागाच नव्हती. दोन्ही र एकाच रांगेत बसवले होते. माझ्याही नजरेतून सुटलं, कारण मी तुकडे तपासत होते, शब्द वाचत नव्हते.

दुरुस्ती सोपी, पण तिच्यात एक निर्णय होता. युनिकोडमध्ये हा ऱ् दोन प्रकारांनी लिहिता येतो. ऱ हे अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा, किंवा साध्या र चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालायचं. डोळ्यांना दोन्ही एकच. पण एका प्रकाराने शोधलं तर दुसऱ्या प्रकाराने लिहिलेलं सापडत नाही. आम्ही सगळीकडे पहिला प्रकार ठरवला आणि वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला. पन्नास वर्षांनी कोणी 'शेतकऱ्यांचे' शोधलं तर सगळे शेतकरी एका जागी सापडले पाहिजेत.

काकांना पुढची पंधरा पुस्तकं वाचाल का विचारलं. म्हणाले, "दुसरं कोण वाचणार?"

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. तिन्ही मशीनांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. अण्णांची स्टिकही पूजेत ठेवली.

७ ऑक्टोबर, मंगळवार

दुसरा अंक शनिवारी प्रेसला गेला, बारा फर्मे. त्याच गडबडीत झालेली गोष्ट आज लिहिते.

शेवटच्या दिवशी एका लेखकाने दुरुस्त लेख पेनड्राइव्हवर आणला. मी तो थेट तीन नंबरला लावला. दहा मिनिटांनी 'कामे' मधले सगळे फोल्डर शॉर्टकट झाले होते, आत जावं तर काही नाही. भाच्याने फोनवर ॲट्रिबची आज्ञा सांगितली, लपलेले फोल्डर परत दिसले. मजकूर शाबूत. अंकाची ताजी नकल एसएसडीबाहेर होती म्हणून जीव थाऱ्यावर राहिला.

तीन नंबर नेटला जोडलेलं नाही, म्हणून ते सुरक्षित आहे, असं मी सगळ्यांना सांगायचे. ते चूक होतं. नेट बंद असलं तरी दार उघडंच होतं, पेनड्राइव्हचं. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तेव्हा त्याला अडवणारा पॅच मार्चमध्येच निघाला होता. ज्यांनी तो बसवला नव्हता ते सापडले. अपडेट टाळणाऱ्यांसाठी भाचा हे उदाहरण कायम देतो. आज ते मी स्वतःहून लिहिते.

नवा नियम: बाहेरचा पेनड्राइव्ह आधी एक नंबरला, तपासून, मग फक्त लागेल ती फाइल पुढे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

तो दिवस आला. सकाळी मशीनं नेहमीसारखी उठली. फोनवर दोन ग्राहकांनी विचारलं, आता कॉम्प्युटर बंद पडणार का? नाही पडणार. सपोर्ट संपणं म्हणजे नव्या भगदाडांना ठिगळ मिळणं बंद. मशीन चालतं, भगदाड वाढत जातं.

एक नंबरवर सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षेची नोंदणी केली. सेटिंगांचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर ठेवला तर पैसे पडत नाहीत. आणखी एक वर्ष सुरक्षेचे पॅच, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. दोन नंबरवरही तेच.

म्हणजे एक वर्ष मिळालं. हे वर्ष मशीनं टिकवायला वापरायचं नाही. ४१२ कामं बाहेर काढायला वापरायचं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

पाडव्याला नवं मशीन घेतलं. विंडोज अकरा. याला चार नंबर म्हणतो.

पहिल्या आठवड्याचं खरं सांगते: मशीनचा त्रास नाही, बोटांचा आहे. माझी बोटं रेमिंग्टनची, टाइपरायटरच्या क्रमाची. इनस्क्रिप्ट या मी आता शिकतेय त्या कीबोर्डक्रमात स्वरचिन्हं डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. एकदा समजलं की सुंदर आहे, पण 'पुणे' लिहायला मला काल चार सेकंद लागले. रेमिंग्टनचा क्रम युनिकोडमध्येही मिळतो, सरळ तो घेता आला असता. घेतला नाही. आधी वेलांटी मग अक्षर ही सवय मला मोडायची आहे. रोज सकाळी वीस मिनिटं, कोणी यायच्या आत. ऱ् साठी शिफ्ट आणि जे, मग डी. हा क्रम मात्र पहिल्या दिवशीच हाताला लागला.

पानं लावायला इनडिझाइन महिन्याच्या भाड्यावर आणि फुकटातलं स्क्रायबस, दोन्ही चाचपतेय. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावायला विसरलं की जोडाक्षरं फुटतात. आणि दोन्हींकडे मजकुराची भाषा मराठी लावली नाही तर काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. आपल्या वळणाच्या ल आणि श ला शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाचा आधार आहे. काका तर ते खपवूनच घेणार नाहीत.

१६ नोव्हेंबर, रविवार

आजपर्यंत ६१ कामं झाली. काकांनी वाचून दिलेली १९.

घाटवाटांच्या पुस्तकाच्या लेखकाची मुलगी गुरुवारी आली होती. तिला दुसरी आवृत्ती काढायची आहे, स्थळसूचीसह. २००६ ची सूची आम्ही चिठ्ठ्यांवर केली होती. जमिनीवर अकारविल्हे ढीग, पंखा बंद, अकरा दिवस. परवा दुपारी ती आणि मी चार नंबरसमोर बसलो आणि पाच वाजेपर्यंत सूचीचा कच्चा मसुदा हातात होता. 'कोऱ्हाळे' शोधलं, दोन्ही पानं लागली.

२००४ पर्यंतची कामं वेगळ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये आहेत. त्यांचा तक्ता या आठवड्यात केला आणि पहिलं प्रकरण आज अण्णांच्या फोनवर पाठवलं, साधा मजकूर, व्हॉट्सॲपवर. फॉन्ट नाही, लॉक नाही, पेजमेकर नाही. ते खिडकीशी खुर्चीत बसून वाचत होते, अंगठ्याने पान वर सरकवत. त्याच घट्ट्याच्या अंगठ्याने. मी चहा ठेवून पुन्हा कामाला लागले.

पंधरा मिनिटांनी हाक आली. "अगं, इकडे ये. तिसऱ्या परिच्छेदात कुऱ्हाड बघ."

'कुर्हाड' झालं होतं. त्या फॉन्टमध्ये ऱ्ह साठी स्वतंत्र घर आहे, घर क्रमांक २०३, आणि मी त्याच्यापुढे रफार आणि ह लिहिलं होतं. तक्ता सुधारला. आता 'तऱ्हा', 'ऱ्हास', 'कुऱ्हाड' तिन्ही नीट येतात. प्रकरण पुन्हा पाठवलं, अण्णा पुन्हा पहिल्यापासून वाचतायत.

उद्या: फोल्डर २००३, कुलवृत्तांत, भाग पहिला.